नाव घातलेला डबा

माझी खानावळ कुणाला विचारून सुरू झाली नव्हती. त्यामुळे ती चालू ठेवण्यासाठी परवानगी मागायची वेळ आली तेव्हा कुठून सुरुवात करायची हेच मला कळेना.

भोपाळला साकेत नगरमध्ये, मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. नवरा बरखेड्याच्या कारखान्यात पत्राकामाच्या विभागात. कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही इथे राहायला आलो आणि पहिल्या आठवड्यापासून फाटकाशी लोक येऊ लागले. कुणाला पेशंटसाठी दूध गरम करून हवं असायचं, कुणाला मऊ भात. मुलताई, पांढुर्ण्याकडचे लोक तर माझं मराठी कानावर पडलं की हातातली पिशवी खाली ठेवून बोलायलाच लागायचे. मला फाटकात उभं राहून बोलायला वेळ नसतो. मी म्हणायची, आत बसा, खाऊन घ्या, मग बोला. हळूहळू बोलणारे कमी आणि खाणारे जास्त झाले. पुढच्या खोलीत टेबलं आली, व्हरांड्यात बाकं आली, मदतीला दोन बायका आल्या. मी याला समाजसेवा म्हणत नाही. लोक पैसे देतात, मी जेवायला घालते.

इथे जेवणारा माणूस हॉटेलातल्यासारखा जेवत नाही. तो फोन ताटाशेजारी, स्क्रीन वर करून ठेवतो. वॉर्डातून बोलावणं आलं की अर्धा घास टाकून पळतो. आम्ही ताट झाकून ठेवतो. तो परत आला तर पुन्हा गरम करून वाढतो, नाही आला तर चौकशी करत नाही. एवढा एकच नियम मी घालून दिलेला आहे.

शेजारच्या भाईसाहबांनी तक्रार केली आणि सगळं सुरू झालं. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, सकाळी इस्त्रीचा सदरा घालून वर्तमानपत्र वाचणारे. आमच्यात भांडण कधी झालं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. तक्रारीत लिहिलं होतं की रहिवासी गल्लीत धंदा चालतो आणि गाड्या त्यांच्या फाटकापुढे लागतात. परवानगीच्या ऑफिसातून माणूस आला, बघून गेला आणि नोटीस आली: वापर बंद करा. मी घराच्या पुढच्या भागात खानावळीची परवानगी मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला. उत्तर एका ओळीचं आलं. रहिवासी भागात अशी परवानगी देता येत नाही. का, ते नाही. आमच्याच गल्लीत औषधांची दुकानं आहेत, एक्स-रेवाला आहे, कोपऱ्यावर लॉज आहे. ते सगळे कसे, तेही नाही.

नवरा म्हणाला, "बंद करून टाक. खूप केलंस. आता आराम कर."

"आराम करून काय करू?"

"बाकीच्या बायका काय करतात?"

"मला माहीत नाही. मी बाकीच्या बायकांकडे जात नाही."

तो विषय तिथे संपला.

अर्जासाठी आमच्या घराचा नकाशा ज्याने काढून दिला होता त्याने मला अपिलाचं सांगितलं. ज्या ऑफिसाने नाही म्हटलं त्याच ऑफिसाच्या साहेबाकडे पुन्हा जायचं नाही, तर बाहेरच्या मंडळाकडे जायचं. तिथे तिघं बसतात. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या एक आर्किटेक्ट बाई, कॉलेजात शिकवणाऱ्या, आणि तिसरे एक निवृत्त इंजिनिअर. तिघांपैकी कुणीही परवानगीच्या ऑफिसच्या नोकरीत नाही. अपील दाखल करायला गेले तेव्हा तिथल्या बाबूने मला दोन वाक्यांत सगळं समजावलं. "मैडम, यहाँ न ऑफिस की चलती है, न आपकी. यहाँ कागज देखते हैं और मौका देखते हैं." मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. निकाल लागेपर्यंत नोटिशीला स्थगिती मिळाली आणि मी घरी येऊन दुसऱ्या दिवसाची डाळ भिजत घातली.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. मी अशी बाई आहे की काम समोर असलं की शांत असते आणि निकाल दुसऱ्याच्या हातात असला की घर डोक्यावर घेते. मी पाण्याची टाकी घासून घेतली. भांड्यांची फळी उतरवून पुन्हा लावली, मग आधीचीच बरी होती म्हणून परत तशीच लावली. दिवसातून तीनदा फाटकापाशी जाऊन गाड्या सरळ करायची. मदतीच्या बायकांपैकी मोठी म्हणाली, "दीदी, आप बैठ जाओ तो हम जल्दी कर लें." खरंच होतं ते. मी मधे मधे येत होते.

सुनावणीची तारीख लागली त्याच सुमारास नवऱ्याचे मामा आले. मामा आयुष्यभर शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांत राहिले. भोपाळमधलं कुठलंही मराठी घर सांगा, मामांना त्या घरातली सून कुठली आणि जावई कुठल्या खात्यात हे माहीत असतं. मी त्यांना तिघांविषयी सांगितलं आणि इंजिनिअर साहेबांचं आडनाव कानावर पडताच ते खुर्चीत पुढे सरकले.

"अगं सूनबाई, हा तर आपला माणूस! आमच्या मागच्या लाइनीत राहायचा. गणपतीत झांज वाजवायचा. याच्या मुंजीला मी गेलोय."

"असेल. त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध कसा नाही? तिघांत एक आपला म्हणजे अर्धं काम झालं."

"मामा, कागद चांगले आहेत. तुम्ही काही करू नका."

"मी काय करणार? म्हातारा माणूस." मग जाता जाता म्हणाले, "होळीच्या पोळ्या केल्या असशील ना? मामीला बरं नाही. दे थोड्या."

मी पुरणपोळ्या स्टीलच्या डब्यात भरून दिल्या. वर केळीचं पान, बाजूला तुपाची वाटी. मामीला खरंच बरं नव्हतं, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं.

सुनावणी एका साध्या खोलीत होती. लांब टेबल, त्यामागे तीन खुर्च्या, समोर आमच्यासाठी दोन रांगा. एका बाजूला परवानगीच्या ऑफिसचा इंजिनिअर आणि भाईसाहब, दुसऱ्या बाजूला मी आणि नवरा. मामा मागे येऊन बसले होते, इस्त्रीचं धोतर नेसून, लग्नाला आल्यासारखे. आमचा पुकारा झाला. अध्यक्षांनी फाइल उघडली. तेवढ्यात मंडळावरच्या इंजिनिअर साहेबांनी हात वर केला, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि तिच्यातून एक स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला.

मी तो डबा लांबूनही ओळखला. माझ्या लग्नातला. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं कपाटात जात नाही. त्या झाकणावर नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली माझ्या आईकडून सप्रेम भेट, असं ठोके मारून कोरलेलं आहे. अक्षरं जरा तिरकी आली आहेत, पण नाव स्वच्छ वाचता येतं.

साहेब हिंदीत बोलले. "सर, यह डिब्बा परसों मेरे घर आया. मैं घर पर नहीं था. कोई बुजुर्ग दे गए और कह गए कि केस का ध्यान रखना. ढक्कन पर जो नाम है, वही अपीलकर्ता के पति का नाम है. मैं चाहता हूँ कि यह बात रिकॉर्ड पर आए."

भाईसाहबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाह," ते म्हणाले. एवढंच.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "आपका है?"

"डिब्बा मेरा है," मी म्हटलं. "पोळी भी मेरी है. भेजी मैंने नहीं."

मागून मामा उठले आणि सरळ मराठीत सुरू झाले. "साहेब, सणाची पोळी आहे हो! आपण एका लाइनीत राहिलेले. रिकाम्या हाताने कसं यायचं कुणाच्या दारात?"

इंजिनिअर साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अध्यक्षांना म्हणाले, "मैं इन्हें पहचानता हूँ. इसीलिए यह केस मैं नहीं सुनूँगा." फाइल बंद केली, पेन खिशाला लावलं आणि उठून बाहेर गेले. डबा टेबलावरच राहिला. बाबूने तो माझ्याकडे आणून दिला. आत पोळ्या तशाच होत्या, पण उन्हाळा लागला होता. पुरण आंबलं होतं. वासावरून कळलं.

अध्यक्ष म्हणाले की उरलेले दोघं सुनावणी पुढे चालवू शकतात, दोन्ही बाजूंची हरकत नसेल तर. आणि दोघांचं एकमत झालं नाही तर अपील नव्या तिसऱ्या सदस्यापुढे पुन्हा पहिल्यापासून चालेल. मी म्हटलं हरकत नाही. भाईसाहब म्हणाले, "आपत्ति नहीं. पर मौका देखा जाए." ते मान्य झालं. आर्किटेक्ट बाई जागा बघायला येणार, दोन्ही पक्षांना कळवून.

घरी आल्यावर मी डबा घासायला टाकला आणि मामांकडे वळले.

"मामा, काय केलंत हे?"

"अगं, रिकाम्या हाताने..."

"जायचंच कशाला होतं?"

"आपला माणूस आहे म्हणून गेलो."

"तिघांतला एक बरा ऐकून घेणारा असता. तो गेला. आता दोघांत एकाने जरी नाही म्हटलं तरी मी पुन्हा पहिल्या पायरीवर. तोवर नोटिशीची स्थगिती राहते की नाही कुणास ठाऊक."

नवरा बूट काढत होता. तो म्हणाला, "पण मामा, नाव घातलेला डबा नेलात! न्यायचाच होता तर प्लास्टिकचा न्यायचा."

मामा दुखावले. "प्लास्टिकच्या डब्यातून पोळी देतात का कुणाला? काय बोलतोस!"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मामा चहा न घेता गेले.

पुढचे दिवस वाईट होते. मला त्या इंजिनिअर साहेबांचा राग यायचा. डबा गुपचूप परत पाठवता आला असता. एक फोन करून म्हणता आलं असतं की वहिनी, हे बरं नाही. चार लोकांत टेबलावर ठेवायची काय गरज होती? हा प्रश्न मी पोळपाटावर, भाजीच्या ठेल्यावर, बाथरूममध्ये, सगळीकडे घोळवत होते. मग एका दुपारी कणीक मळताना उलटा विचार केला. समजा भाईसाहबांच्या कुणी नातलगाने अध्यक्षांकडे गुजियांचा डबा पाठवला असता आणि त्यांनी तो गुपचूप परत केला असता. मला कधीतरी, कुठून तरी कळलं असतंच. या गावात कळतं. आणि मग निकाल विरुद्ध लागला असता तर मी जन्मभर म्हटलं असतं, गुजिया खाल्ल्या. परत केल्या असं कुणी सांगितलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता. टेबलावर डबा ठेवला, म्हणून तर भाईसाहब उरलेल्या दोघांना हो म्हणाले. राग गेला असं नाही, पण त्याचं काम संपलं. कणीकही झाली होती.

आर्किटेक्ट बाई आल्या त्या ऐन जेवणाच्या वेळी. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट, खांद्यावर झोळी आणि स्वतःची पाण्याची बाटली. बरोबर मंडळाचा बाबू आणि ऑफिसचा इंजिनिअर. मी सवयीने म्हटलं, "पानी?" त्यांनी बाटली उचलून दाखवली. चहाचं विचारलंच नाही मग. घरी आलेलं माणूस जेवणाच्या वेळी कोरडं उभं आहे आणि आपण काही वाढायचं नाही, हे मला फार जड गेलं. हात नुसते पदराशी चाळे करत राहिले.

त्या बराच वेळ गल्लीतच उभ्या राहिल्या. कोण येतं, गाडी कुठे लावतं, किती वेळात निघतं, एवढंच पाहत. एक जण भाईसाहबांच्या फाटकाला चिकटून स्कूटर लावून आत पळाला. मी पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "रहने दीजिए. जैसा रोज होता है, वैसा होने दीजिए." मग आत आल्या. खोलीची लांबीरुंदी घेतली, व्हरांड्यातली बाकं मोजली, मोरी पाहिली, उष्टं कुठे जातं विचारलं. स्वयंपाकघरात गेल्या. एक्झॉस्टचा पंखा भिंतीत लावलेला आहे, तो चालू करायला लावला आणि विचारलं, "यह हवा किधर जाती है?"

"बाहर," मी म्हटलं.

"बाहर किधर?"

बाहेर म्हणजे दोन घरांमधली चिंचोळी जागा. त्यापलीकडे शेजारची भिंत. मी कधी तिकडे गेले नव्हते.

"चलिए, उधर से देखते हैं. आप भी आइए. जो मैं देखूँगी, वह दोनों देखेंगे."

इतकी वर्षं शेजारी राहून मी भाईसाहबांच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, बाजूला झाले. आम्ही मागच्या खोलीत गेलो. पलंगावर भाईसाहबांची बायको उशांना टेकून बसलेली होती. हाताशी श्वासाचा पंप. खिडकी बंद, आणि बंद खिडकीच्या फटीत ओला टॉवेल खोचलेला. बाईंनी टॉवेल काढून खिडकी उघडायला सांगितली. समोर हातभरावर माझा पंखा गरगरत होता. आणि नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे मदतीच्या मोठीने लाल मिरच्यांची फोडणी घातली.

ठसका सगळ्यांनाच लागला. बाबू दाराबाहेर गेला. मी पदर नाकाला लावून खिडकी ओढून घेतली. पलंगावरच्या बाई खोकत होत्या, पंप तोंडाला लावला, मग जरा थांबल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"अच्छा, तो ये हैं मराठन."

मी नमस्कार केला.

"तुम्हारे यहाँ गुरुवार को कढ़ी बनती है."

"जी."

"हींग ज्यादा डालती हो."

आर्किटेक्ट बाईंनी भाईसाहबांना विचारलं, "आपने शिकायत में सिर्फ गाड़ियाँ लिखी हैं. यह क्यों नहीं लिखा?"

भाईसाहब ताठ झाले. "घर की बीमारी दफ्तर में क्या लिखना."

मी म्हटलं, "दफ्तर में नहीं, पर दीवार के ऊपर से मुझे तो बोल सकते थे."

"आपसे बोलता तो आप पंखा बंद करतीं? इतनी भीड़ में?"

"बंद नहीं करती. घुमा देती." मग मी बाईंकडे वळले. "मैडम, पंखा सड़क की तरफ कर दूँ और पाइप छत के ऊपर ले जाऊँ तो चलेगा?"

"मैं सलाह देने नहीं आई हूँ," त्या म्हणाल्या आणि झोळी खांद्याला लावली. "घर आपका है. मैं सिर्फ देखकर लिखूँगी."

मला ते उत्तर आवडलं नाही. अख्खा दिवस डोक्यात तेच. एक हो किंवा नाही म्हणायला काय जात होतं? पण पंखा फिरवायला मला कुणाच्या हो-नाहीची गरज नव्हती, तेही तितकंच खरं. नवऱ्याने पत्र्याचा पाइप वाकवून आणला, कारखान्यातले दोन जुने दोस्त शिडी घेऊन आले आणि रविवारी आम्ही जुनं भोक विटांनी बुजवलं. धूर आता पुढच्या बाजूने गच्चीच्या वर जातो. मिरच्यांची फोडणी तरीही मी तात्पुरती बंद केली. जेवणाऱ्यांनी कुरकुर केली, "दीदी, अब अस्पताल का खाना लगता है." मी म्हटलं, मग तिकडेच जेवा.

दुसऱ्या सुनावणीला टेबलामागे दोनच खुर्च्या भरलेल्या होत्या. तिसरी तशीच ठेवली होती. मी तिच्याकडे सारखी बघत होते. नवऱ्याने कोपर मारलं तेव्हा कळलं की माझा पाय टेबलाच्या पायावर आपटतोय आणि आवाज होतोय.

ऑफिसच्या इंजिनिअरने नियम वाचला. अध्यक्षांनी त्याला विचारलं की याच गल्लीत बाकीच्यांना परवानगी आहे ना? तो म्हणाला, आहे, ते जुन्या नियमांनी. अध्यक्ष म्हणाले, "हो सकता है. पर इनको मना करते समय आपने यह लिखा? कारण एक पंक्ति का है. मैं इस पंक्ति से कैसे समझूँ कि आपने इनका घर देखा या सिर्फ गली का नाम देखा?" तो फाइलची पानं उलटत राहिला.

मला वाटलं, आता आपली बाजू. मी उभी राहिले आणि पेशंटच्या नातेवाइकांविषयी सुरू केलं, ताटाशेजारचे फोन, अर्धवट टाकलेली जेवणं. अध्यक्षांनी हात वर केला. "मैडम, सब सच होगा. पर हम यहाँ भलाई का फैसला नहीं करते. जगह के उपयोग का करते हैं. धुआँ, गाड़ी, कचरा, भीड़. इन पर बोलिए."

मग मी त्यांनी जे चार शब्द दिले होते त्यावर बोलले. ते बोलणं मला सोपं गेलं. धूर कुठून कुठे नेला ते सांगितलं. उष्टं कोण उचलतं ते सांगितलं. गाड्यांचं काय करणार असं विचारल्यावर मी म्हटलं की आज माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

मग त्यांनी भाईसाहबांना विचारलं, "पंखा हट गया. अब भी विरोध है?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मनात नको ती आशा होती.

"है," भाईसाहब म्हणाले. "पंखा हटा दिया, अच्छा किया. पत्नी अब खिड़की खोलती है. पर मेरे फाटक के सामने गाड़ी लगती है, और बरामदे में लोग जोर-जोर से फोन पर बात करते हैं. किसी की मौत की खबर मैं अपने पलंग पर सुनता हूँ. मुझे यह नहीं सुनना."

ते खोटं नव्हतं. व्हरांडा त्यांच्या खिडकीसमोरच आहे.

निकाल यायला वेळ लागला. तोवर मी मोहरी आणायला जाऊन जिरं घेऊन येत होते. दोघांचं एकमत होईल का, हा एकच प्रश्न. मामांचा फोन यायचा, मी उचलायची नाही. मग एकदा उचलला. ते म्हणाले, "सूनबाई, मी कुणाकडे गेलेलो नाही हां." मी म्हटलं, "माहीत आहे. मामीला कसं आहे?" तेवढंच बोलणं झालं, पण बरं वाटलं असावं त्यांना.

एकमत झालं. निकाल आला तो चार पानांचा होता. ऑफिसचं नाकारणं रद्द. पुढच्या खोलीत खानावळ चालू द्यायची, फक्त दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाला. व्हरांड्यात कुणी बसायचं नाही, बाकं काढायची. धुराचा पाइप आहे तसाच राहील. गल्लीत एकाही ग्राहकाची गाडी उभी राहणार नाही, आणि ते बघायची जबाबदारी माझी. परवानगी ठरावीक मुदतीची. मग पुन्हा बघणार. अटी मोडल्या तर शेजारी याच मंडळाकडे येऊ शकतात. प्रत्येक अटीखाली कारण दिलं होतं. मी दोनदा वाचून काढलं. त्यात मी चांगली बाई आहे असं कुठे नव्हतं आणि भाईसाहब खोडसाळ आहेत असंही नव्हतं.

नवऱ्याने विचारलं, "मग जिंकलो का?"

"अर्धी जागा गेली. बाकं उचलायला या."

व्हरांडा गेल्यामुळे आता खोलीत सगळे एका वेळी मावत नाहीत. दोन पंगती कराव्या लागतात. ज्याला वॉर्डात लवकर परतायचं आहे त्याने तसं दाराशी सांगायचं, त्याला पहिल्या पंगतीत बसवायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लवकर परतायचं होतं. मी त्यांना गेटबाहेर न थांबवता मागच्या अंगणात थांबवलं, वाद घातला, दोघांना डबा भरून परत पाठवलं. गाड्यांसाठी कोपऱ्यावरच्या लॉजवाल्याशी बोलणं केलं. तो माझ्याकडून डाळ-भात नेतो, त्यामुळे नाही म्हणू शकला नाही. गाडी कोपऱ्यावर लावा, अशी पाटी फाटकावर टांगली. तरी लोक ऐकत नाहीत. घाईतल्या माणसाला पाटी दिसत नाही.

भाईसाहबांना दिसते. ते वर्तमानपत्र घेऊन फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. माझा नंबर त्यांनी मागून घेतला आहे. दुपारी वाढणं चालू असताना फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही. "मैडम, काली मोटरसाइकिल." मी हातातली पळी ठेवून बाहेर जाते, काळ्या मोटरसायकलवाल्याला कोपऱ्यावर पाठवते, परत येते. पहिले काही दिवस माझं डोकं फिरायचं. आता फोन आला नाही तर मी स्वतःच बाहेर डोकावून येते.

गेल्या आठवड्यात पहिली पंगत बसलेली असताना फोन आला. "मैडम, लाल स्कूटर. बिलकुल फाटक के सामने."

मी बाहेर आले. स्कूटर पाहिली. नंबर ओळखीचा होता.

"भाईसाहब, यह तो आपके दामाद की है. मेरे यहाँ का कोई नहीं. आपके ही घर आए होंगे."

भाईसाहबांनी वर्तमानपत्र खाली केलं, स्कूटरकडे पाहिलं. त्यांच्या घरातून जावयाचं हसणं ऐकू येत होतं. सासूबाईंशी काहीतरी चाललं होतं.

"मेरे यहाँ नहीं," ते म्हणाले. "अभी आपके पिछले दरवाजे से खाना लेकर आया है. सास के लिए कढ़ी. पैसे दिए?"

मी मोठीला हाक मारून विचारलं. दिले होते.

"तो ग्राहक हुआ," भाईसाहब म्हणाले. "हटवाइए. आदेश में दामाद नहीं लिखा है."

मी त्यांच्या दारात जाऊन जावयाला हाक मारली. तो चमच्यासकट बाहेर आला, आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने चमचा खिशात घातला आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यावर नेली. आत दुसरी पंगत उभी होती. मी गेले.